किनाऱ्यावर आलेलं कासव परत समुद्रात का ढकलू नये? जखमी कासवावर उपचार कसे होतात?

पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. किनाऱ्यावर मोठं कासव आलेलं असतं. पाच-सहा जण त्याला उचलतात, कुणी पाठीवर पाणी ओततं, कुणी हात जोडतं आणि टाळ्यांच्या कडकडाटात कासव लाटेत सोडलं जातं. खाली कमेंट्समध्ये कौतुकाचा पाऊस पडतो. व्हिडिओ तिथेच संपतो.

पुढे काय होतं, ते त्या व्हिडिओत दिसत नाही. अनेकदा तेच कासव दोन-चार दिवसांत शेजारच्या एखाद्या गावाच्या किनाऱ्यावर पुन्हा येतं. या वेळी मेलेलं.

मदत करणाऱ्यांची भावना चांगलीच असते. चूक होते ती एका समजुतीमुळे. पाण्यातला प्राणी वाळूवर आला म्हणजे तो वाट चुकला आणि पाण्यात सोडला की वाचला, असं आपल्याला वाटतं. माशाच्या बाबतीत ते बरोबर असेल. पण कासव मासा नाही. ते सरडा, साप, मगर यांच्या कुळातलं, म्हणजे सरपटणारा प्राणी आहे. ते फुफ्फुसांनी श्वास घेतं. वाळूवर पडल्यामुळे ते लगेच गुदमरत नाही. उलट अशक्त कासव पाण्यात बुडून मरू शकतं.

पालघर जिल्ह्यात तारापूर-चिंचणीपासून डहाणू-बोर्डीपर्यंतच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात अशी कासवं लागतात. त्यांच्यासाठी डहाणूत उपचार केंद्रही आहे. तिथे पोहोचलेल्या कासवाचं नेमकं काय केलं जातं? बरं व्हायला त्याला इतके महिने का लागतात? आणि तुम्हाला असं कासव दिसलं तर काय करायचं?

निरोगी कासव किनाऱ्यावर येतं का?

येतं, पण त्याचं कारण आणि वेळ ठरलेली असते.

भारताच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात. ऑलिव्ह रिडले, ग्रीन टर्टल, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती प्रामुख्याने ऑलिव्ह रिडलेची मादी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांत साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात या माद्या येतात, त्याही बहुतेक रात्री. मादी वाळू चढून वर येते, खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि स्वतःच्या पायांनी परत जाते. तिला कुणाच्या मदतीची गरज नसते. तेव्हा तिच्या वाटेत उभं न राहणं आणि टॉर्च न मारणं हीच मदत.

पण जून ते सप्टेंबर या काळात, भरदिवसा, भरतीच्या रेषेजवळ एखादं कासव मान टाकून पडलेलं असेल, तर ते अंडी घालायला आलेलं नाही. नर आणि लहान वयाची कासवं तर वाळूवर येण्याचं कारणच नसतं. असं कासव चालत आलेलं नसतं. लाटांनी ते आणून टाकलेलं असतं. पोहण्याची ताकद संपल्यामुळेच ते लाटांच्या ताब्यात गेलेलं असतं.

अशा कासवाला परत समुद्रात ढकलणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला दवाखान्याच्या दारातून उचलून रस्त्यावर नेऊन ठेवण्यासारखं आहे.

पावसाळ्यातच इतकी कासवं का लागतात?

कासवं जखमी वर्षभर होतात. पावसाळ्यात फक्त ती आपल्याला दिसतात.

नैऋत्येकडून येणारा वारा आणि खवळलेला समुद्र मिळून पाण्यावर तरंगणारी प्रत्येक गोष्ट किनाऱ्याकडे लोटतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या, लाकडाचे ओंडके, थर्माकोलचे तुकडे आणि तुटलेली जाळी. याच कचऱ्यासोबत अशक्त कासवंही येतात. जून आणि जुलैमध्ये राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तरीही कासवं जाळ्यात अडकलेली सापडतात, कारण ही जाळी कुणी त्या दिवशी लावलेली नसतात. समुद्रात तुटून गेलेली किंवा टाकून दिलेली ही बेवारस जाळी असतात. त्यांना घोस्ट नेट म्हणतात.

पूर्वीची जाळी सुताची, तागाची असायची. पाण्यात काही काळाने ती कुजायची. आजचं नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं टिकतं. मालक नसला तरी ते मासे, खेकडे, कासवं धरतच राहतं.

जाळ्यात अडकलं की कासवाला नेमकं काय होतं?

समुद्री कासवाचे पुढचे पाय वल्ह्यांसारखे लांब आणि चपटे असतात. मराठीत त्यांना पर म्हणतात. जमिनीवरच्या कासवासारखे हे पाय कवचाच्या आत ओढून घेता येत नाहीत. मानही पूर्ण आत जात नाही. त्यामुळे जाळ्याचा दोरा सगळ्यात आधी परांत किंवा मानेत अडकतो.

सुटण्यासाठी कासव जितकं धडपडतं, तितका दोरा घट्ट होत जातो. कातडी कापून तो मांसात उतरतो. पुढच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. पर सुजतो, काळा पडतो, सडू लागतो. कधी हाड उघडं पडतं, कधी पर आपोआप गळून जातो. दोऱ्याला प्लॅस्टिकची गोणी किंवा जड जाळं लटकलेलं असेल तर कासव ते ओढत पोहत राहतं आणि थकून जातं.

दुसरी मोठी दुखापत कवचाची. बोटीचा पंखा लागून किंवा खडकावर आपटून कवच फुटतं. पुष्कळांना वाटतं की कवच म्हणजे नखासारखं निर्जीव काहीतरी असेल. तसं नाही. कवच हे कासवाचं हाड आहे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा या कवचाचाच भाग असतो. त्यात रक्त असतं, चेतातंतू असतात, त्याला वेदना होतात. फुफ्फुसं तर या कवचाला आतून अगदी चिकटून असतात. त्यामुळे पाठीवर पडलेली खोल भेग थेट फुफ्फुसापर्यंत जाऊ शकते.

तिसरा धोका पोटातला. कासवाच्या अन्ननलिकेत आतल्या दिशेने वळलेले काट्यांसारखे उंचवटे असतात. बुळबुळीत जेलीफिश गिळल्यावर ती निसटू नये म्हणून ही निसर्गाची सोय. पण पाण्यात तरंगणारी कॅरीबॅग जेलीफिश समजून गिळली, तर याच काट्यांमुळे ती सहज बाहेर टाकता येत नाही.

'तरंगणारं कासव' हा काय प्रकार आहे?

किनाऱ्यावर येणाऱ्या कासवांमध्ये एक लक्षण वारंवार दिसतं. ते पाण्यावर तरंगतं, पण बुडी मारू शकत नाही. कधी एका बाजूला कललेलं असतं, कधी मागचा भाग वर आलेला असतो.

न्यूमोनियामुळे फुफ्फुसाची एक बाजू भरली, फुफ्फुस फाटून हवा शरीराच्या पोकळीत शिरली किंवा आतडं तुंबून त्यात वायू साठला, तर असं होतं. वरून पाहणाऱ्याला कासव निवांत पोहतंय असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची उपासमार सुरू असते. खेकडे, शिंपले, कोळंबी हे ऑलिव्ह रिडलेचं खाणं बरंचसं खालीच असतं. तिथे ते पोहोचू शकत नाही. वरून ऊन भाजतं, बोट आली तर बाजूला होता येत नाही.

कासव किती दिवस तरंगत होतं, याचा अंदाज त्याच्या पाठीवरून येतो. निरोगी कासवाच्या अंगावरही थोडी बार्नेकल, म्हणजे चिकटून राहणारे कवचधारी जीव, असतात. पण पाठ, मान, पर सगळीकडे त्यांचा थर साचला असेल आणि शेवाळ वाढलं असेल, तर कासव बरेच दिवस जवळजवळ एकाच जागी लोंबकळत होतं असं डॉक्टर समजतात.

आता विचार करा. असं कासव कुणीतरी उचलून पुन्हा पाण्यात सोडलं. फुफ्फुसातला न्यूमोनिया तसाच. पोटातली कॅरीबॅग तशीच. बदललं काहीच नाही.

डहाणूचं केंद्र काय करतं?

डहाणूत पारनाका इथे जखमी समुद्री कासवांसाठी उपचार आणि संक्रमण केंद्र आहे. वनविभाग आणि 'वाईल्डलाईफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन' ही स्थानिक संस्था मिळून हे काम करतात. संस्थेचे स्वयंसेवक किनाऱ्यावरून कासव उचलून आणण्यापासून त्याची रोजची देखभाल करण्यापर्यंतची जबाबदारी घेतात. पशुवैद्यक डॉ. दिनेश विन्हेरकर यांचं नाव या केंद्रातल्या उपचारांशी अनेक वर्षं जोडलेलं आहे.

'संक्रमण' हा शब्द महत्त्वाचा आहे. हे प्राणिसंग्रहालय नाही. कासव इथे कायमचं ठेवायचं नसतं. समुद्रातून यायचं, बरं व्हायचं आणि समुद्रात परत जायचं, एवढाच इथला मुक्काम.

जगात अशी अनेक रुग्णालयं आहेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मॅरेथॉन या गावी 1986 मध्ये एका मोटेलच्या जागेत सुरू झालेलं 'द टर्टल हॉस्पिटल' सर्वात प्रसिद्ध. तिथे कासवांसाठी स्वतःची रुग्णवाहिका आहे. या सगळ्या ठिकाणी उपचारांची मूळ पद्धत सारखीच असते.

पहिल्या दिवशी काय होतं?

सगळ्यात आधी वजन आणि मोजमाप. पूर्ण वाढलेलं ऑलिव्ह रिडले साधारण 60 ते 70 सेंटीमीटर लांब आणि 35 ते 45 किलो वजनाचं असतं. लांबीच्या मानाने वजन कमी, डोळे खोल गेलेले आणि पोटाकडचं कवच आत दबलेलं असेल, तर कासव बरेच दिवस उपाशी आहे.

मग श्वास, डोळ्यांची आणि शेपटीची हालचाल, जखमा, तोंडात गळ किंवा दोरा आहे का, हे पाहिलं जातं. रक्ताच्या तपासणीत साखर, प्रथिनं आणि रक्तक्षय कळतो. एक्स-रेमध्ये मोडलेलं हाड, गिळलेला गळ, पोटातला वायू आणि फुफ्फुसांची अवस्था दिसते.

पहिला उपचार बहुतेक वेळा पाण्याचाच असतो. समुद्रात राहूनही आजारी कासवाच्या शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. निरोगी कासव डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून जास्तीचं मीठ बाहेर टाकतं. कासव 'रडताना' दिसतं ते यामुळे. पण अशक्त कासवाला हे जमत नाही. म्हणून इंजेक्शनने द्रव दिला जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ गोड्या पाण्यातही ठेवतात. त्याने अंगावरची बार्नेकल आणि जळवा सुटून पडतात.

अन्न मात्र लगेच दिलं जात नाही. अनेक आठवडे उपाशी असलेल्या शरीराला एकदम पोटभर खायला घातलं, तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून जीव जाऊ शकतो. आधी द्रव, मग नळीने पातळ आहार, मग माशाचे लहान तुकडे, अशी पायरीपायरीने वाढ होते.

टाकीतलं पाणीही सुरुवातीला कमीच असतं. नाक वर काढता येईल, एवढंच. अशक्त कासव टाकीतही बुडू शकतं.

जखम भरायला इतका वेळ का लागतो?

कारण कासव थंड रक्ताचं आहे. आपलं शरीर स्वतःची उष्णता तयार करतं. आजारी पडलो तर ताप आणून जंतूंशी लढतं. सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर ही उष्णता बाहेरून घेतं. त्याचं पचन, रक्ताभिसरण, प्रतिकारशक्ती, जखम भरणं, सगळं बाहेरच्या तापमानावर अवलंबून असतं. पाणी फार थंड झालं तर औषधसुद्धा नीट लागू पडत नाही. त्यामुळे टाकीचं तापमान सांभाळणं हा उपचाराचाच भाग असतो.

या संथपणाचा अंदाज एका औषधावरून येईल. सेफ्टाझिडीम हे प्रतिजैविक माणसाला साधारण दर आठ तासांनी द्यावं लागतं. समुद्री कासवाला तेच औषध 72 तासांतून एकदा दिलं जातं. त्याच्या शरीरातून ते बाहेर पडायलाच तेवढा वेळ लागतो. इंजेक्शनही शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात देतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं आणि औषध वाया जाण्याचा किंवा मूत्रपिंडाला त्रास होण्याचा संभव असतो.

घरात बिअर्डेड ड्रॅगनसारखे परदेशी सरडे पाळणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. सरड्याला जखम झाली की पुष्कळ जण आधी मलम शोधतात. पण त्याची पेटी पुरेशी उबदार नसेल तर मलम फारसं काम करत नाही. कुत्र्या-मांजराच्या औषधाचा डोस अंदाजाने देणं तर धोक्याचं. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यकच गाठावा लागतो.

कासवाच्या जखमेची रोज किंवा एक दिवसाआड स्वच्छता होते. मेलेलं मांस काढलं जातं. काही केंद्रांत जखमेवर चक्क मध लावतात, कारण मधात जंतू वाढत नाहीत. औषध टिकावं म्हणून कासवाला काही तास पाण्याबाहेर, ओल्या फडक्याखाली ठेवलं जातं. फुटलेलं कवच स्वच्छ करून त्याचे तुकडे जागेवर बसवले जातात. हाड असल्यामुळे कवच भरून येतं, पण त्याला महिने लागतात. तरंगणाऱ्या कासवाच्या पाठीवर कधी लहानसं वजन लावून त्याला पुन्हा तोल शिकवला जातो.

यातलं काहीच झटपट होत नाही. साधं अशक्त कासव काही आठवड्यांत सावरतं. खोल जखम किंवा न्यूमोनिया असेल तर काही महिने. कवच फुटलेलं कासव वर्षभरही राहू शकतं. रोज मासे, रोज पाणी बदलणं, रोज नोंदी. यातली एकही गोष्ट व्हायरल होत नाही.

पर कापावा लागला तर?

सडलेला पर ठेवला तर संसर्ग रक्तात पसरतो. तेव्हा शस्त्रक्रिया करून तो काढण्याशिवाय मार्ग नसतो.

पण तीन परांचं कासव समुद्रात जगू शकतं. पुढचे पर पोहण्याचं मुख्य काम करतात आणि मागचे सुकाणूसारखे वळण्यासाठी असतात. एक पर गेला तरी कासव उरलेल्यांचा मेळ घालून सरळ पोहायला शिकतं. तीन परांच्या माद्या अंडी घालायला किनाऱ्यावर आल्याच्या नोंदीही जगात आहेत. पुढचे दोन्ही पर गेले तर मात्र समुद्रात सोडणं जवळपास अशक्य होतं. म्हणून कासव लवकर केंद्रात पोहोचणं महत्त्वाचं. चार दिवस आधी पोहोचलं असतं तर कदाचित पर वाचला असता.

सोडायचं कधी, हे कसं ठरतं?

जखम वरून भरली म्हणजे कासव बरं झालं असं नाही. त्याने स्वतःहून तळाशी बुडी मारून तिथे थांबलं पाहिजे. स्वतः अन्न शोधून खाल्लं पाहिजे. वजन वाढलेलं असलं पाहिजे. श्वास घ्यायला सरळ वर येऊन पुन्हा सहज खाली गेलं पाहिजे. औषधं थांबवल्यावरही प्रकृती टिकली पाहिजे. या सगळ्याची खात्री झाल्यावर आणि समुद्राची स्थिती पाहून वनविभागाच्या उपस्थितीत कासव सोडलं जातं.

एका कासवासाठी एवढी खटपट कशाला, असा प्रश्न पडू शकतो. ऑलिव्ह रिडलेला अंडी घालण्याच्या वयात यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो. हजार पिल्लांतून एखादंच त्या वयापर्यंत पोहोचतं, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे किनाऱ्यावर पडलेलं एक मोठं कासव हे मागे गमावलेल्या शेकडो पिल्लांचं उरलेलं शिल्लक आहे.

आणि ते फक्त आपल्या किनाऱ्याचं नसतं. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर 'बागेश्री' नावाच्या मादीला सॅटेलाइट ट्रान्समीटर लावण्यात आला होता. ती अरबी समुद्रातून दक्षिणेला जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली.

जाळ्यात कासव मेल्यासारखं सापडलं तर मच्छीमारांनी काय करावं?

डोल जाळ्यात किंवा ट्रॉलरच्या जाळ्यात बराच वेळ पाण्याखाली अडकलेलं कासव वर काढल्यावर निपचित पडतं. ते मेलं असं समजून फेकून दिलं जातं. पण ते बेशुद्ध असू शकतं.

अशा कासवाला पोटावर ठेवावं आणि मागचा भाग निदान 15 सेंटीमीटर उंच करावा. डोकं खालच्या बाजूला राहिलं की फुफ्फुसातलं पाणी बाहेर येतं. सावलीत ठेवून अंगावर ओलं फडकं टाकावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. अधूनमधून कवचाच्या कडा धरून एक बाजू किंचित उचलावी, मग दुसरी. डोळ्याच्या पापणीला किंवा शेपटीला हळूच स्पर्श करून प्रतिसाद पाहावा. शुद्धीवर यायला चार तासांपासून 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तोपर्यंत त्याला पाण्याने भरलेल्या टपात ठेवू नये, उलटं टांगू नये, पोटावर दाबू नये.

जाळं कापून कासव सोडलं तर नुकसान कुणी भरायचं, हा प्रश्न मच्छीमारांसमोर असतोच. त्यासाठी डिसेंबर 2018 पासून राज्य सरकारची योजना आहे. कासवासारख्या संरक्षित सागरी जीवाला सोडवताना जाळं कापावं लागलं, तर जास्तीत जास्त 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी जीव सोडतानाचे आणि फाटलेल्या जाळ्याचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतात. इथे मात्र मोबाईल बाहेर काढणं खरोखर उपयोगाचं आहे.

तुम्हाला किनाऱ्यावर कासव दिसलं तर

हे करा:

- वनविभागाच्या 1926 या टोल फ्री हेल्पलाईनवर लगेच फोन करा. गाव, किनारा आणि जवळची खूण नीट सांगा.
- गर्दी आणि कुत्रे लांब ठेवा. शक्य तितकी शांतता ठेवा.
- ऊन असेल तर सावली करा. कवचावर ओलं फडकं टाका, नाक-तोंड झाकू नका.
- लाट ओढून नेत असेल तरच कासव भरतीच्या रेषेच्या वर घ्या. दोघांनी कवचाच्या दोन्ही कडा धरून उचला.
- लटकणारं जाळं लांबून कापा, म्हणजे ते कशात अडकणार नाही.

हे करू नका:

- समुद्रात ढकलू नका.
- पर, मान किंवा शेपटी धरून ओढू नका.
- मांसात रुतलेला दोरा किंवा तोंडातला गळ उपटू नका. रक्तस्राव सुरू होईल.
- तोंडात पाणी, मासा, भाकरी काहीही घालू नका.
- जखमेवर हळद, तेल, चुना लावू नका. पाठीवरची बार्नेकल खरवडू नका.
- पाठीवर मूल बसवून फोटो काढू नका. तोंडाजवळ हात नेऊ नका, कासवाचा जबडा ताकदवान असतो.
- घरी, विहिरीत किंवा तळ्यात नेऊन सोडू नका.

शेवटचा मुद्दा कायद्याचाही आहे. भारतात आढळणारी सर्व समुद्री कासवं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. त्यांना पकडणं, मारणं किंवा जवळ बाळगणं यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. मदतीसाठी फोन करणाऱ्याने मात्र घाबरण्याचं कारण नाही.

कासव मेलेलं असलं तरी कळवा. मृत्यू कशाने झाला, पोटात काय होतं, कोणत्या किनाऱ्यावर किती कासवं लागली, या नोंदींवरूनच पुढची पावलं ठरतात.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. दर्शनाआधी त्याला हात लावायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. किनाऱ्यावरचं कासव पाहून हात आपोआप जोडले जातात, ते त्यामुळेच. हात जोडायला हरकत नाही. फक्त त्याआधी 1926 वर फोन लावा आणि पुढच्या वेळी तो समुद्रात ढकलण्याचा व्हिडिओ आला की फॉरवर्ड करण्याऐवजी त्याखाली हा नंबर लिहा.